दोघींचा एकच पतंग

नववीच्या वर्गात तिला सगळे शंकासूर म्हणत. हे नाव वर्गशिक्षिकेनंच ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं, की हजेरीत खरं नाव पुकारलं तर तीच क्षणभर घोटाळ्यात पडे. फळ्यावर तारीख लिहिली, की ही मनगटावरच्या घड्याळात बघून ताडून घेई. वाढदिवसाचं चॉकलेट कुणी हातावर ठेवलं, तर आधी कागद उलगडून आत चॉकलेटच आहे ना हे बघणार आणि मग आभार मानणार. कुणी काही सांगितलं, की हिचा एकच प्रश्न तयार असे, "पुरावा काय?"

तिच्या शेजारी बाकावर बसायची खारूताई. चार वर्षं तोच बाक, तीच जागा. खारूताईच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत आणि शिक्षकांची पाठ वळली की ती ते एकेक करून कुरतडत असे. शंकासूरला जगात ज्या थोड्या गोष्टींचा पुरावा मागावासा वाटला नव्हता, त्यांत खारूताई होती. निदान त्या मंगळवारपर्यंत तरी.

मंगळवारी संगणकाचे सर निबंधांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले. विषय त्यांनीच दिला होता : संगणक आणि इंटरनेटचा इतिहास, आणि त्याबद्दल मला काय वाटतं. अट एकच. हातानं लिहायचं, नेटवरून उतरवायचं नाही. आदल्या वर्षी अडतीस निबंधांची सुरुवात एकाच वाक्यानं झाली होती आणि सरांना ते वाक्य महिनाभर स्वप्नात ऐकू येत होतं म्हणे.

या वेळी सर खुशीत दिसत होते. त्यांनी दोन-चार निबंधांतलं वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, "पहिले संगणक खोलीएवढे होते, आता ते खिशात मावतात. त्यामुळे घरात जागा झाली, पण बाबांना वेळ झाला नाही." एकीनं लिहिलं होतं, "इंटरनेट नव्हतं तेव्हा न कळलेल्या गोष्टींचं लोक काय करत असतील? बहुतेक तशाच राहू देत असतील. मला ते बरं वाटतं." वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी गठ्ठ्याच्या तळाचे दोन निबंध काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हसू आवरलं.

"आता हे ऐका. 'एकोणीसशे सत्तेचाळीस साली एक मोठा संगणक अचानक बंद पडला. उघडून बघतात तर आत पतंग अडकलेला! तो खिडकीतून आला असावा आणि त्याची शेपटी यंत्रात गुंतली असावी.'" सरांनी दुसरा निबंध उचलला. "आणि हे. 'त्या संगणकात एक पतंग अडकला होता. कुणाचा तरी कटून आला असेल.'"

वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी "ढील दे, ढील!" असं ओरडलं.

"शांत बसा. त्या यंत्रात पतंगबितंग काही नव्हता. खरं काय होतं ते तुम्हीच शोधा, मी सांगणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे." सरांची नजर तिसऱ्या बाकावर येऊन थांबली. "बरोबर उत्तर पन्नास जणांचं सारखं असू शकतं. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. पण एवढी देखणी, शेपटीवाली चूक एकाच बाकावरच्या दोन डोक्यांत आपोआप येते, हे मला पटत नाही. एकीनं दुसरीचं उतरवलंय. जिनं उतरवलं तिनं शुक्रवारी येऊन मला सांगायचं. नाही सांगितलं, तर दोन्ही निबंध बाद आणि दोघींच्या घरी चिठ्ठी."

मग त्यांनी एक गंमत केली. शंकासूरचा निबंध खारूताईला दिला आणि खारूताईचा शंकासूरला. "वाचा एकमेकींचे. बघू काय दिसतं."

शंकासूरनं निबंधाची घडी न उलगडता तो दप्तरात कोंबला. तिचे कान तापले होते. आपण उतरवलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग उरलं कोण?

मधल्या सुट्टीत तिनं खारूताईला जिन्याखाली गाठलं.

"पतंग कुठून आणलास?"

"वाचला."

"कुठे? नेटवर?"

"नाही गं."

"मग कुठे?"

खारूताईनं खिशात हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. "ते नाही सांगता येत."

"सांगता येत नाही की सांगण्यासारखं नाही?"

"तुझं उतरवलं नाहीये मी."

"पुरावा काय?"

खारूताई तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि घंटा झाल्यावर वर्गात जाऊन तिनं आपलं दप्तर उचलून बाकाच्या मधोमध ठेवलं. चार वर्षांत त्या बाकाला भिंत कधी नव्हती.

एकदा संशयाचं भूत डोक्यात शिरलं की त्याला सगळीकडे पावलं दिसतात. शंकासूरला आठवलं, की सोमवारी खेळाच्या तासाला आपण निबंध बाकावरच टाकून मैदानावर गेलो होतो आणि पाय दुखतोय म्हणून खारूताई वर्गात थांबली होती. खरंच दुखत होता का पाय? मंगळवारी तर ती जिना धडधडत उतरली. बरं, मधल्या सुट्टीत ही रोज नाहीशी होते ती कुठे? डबा तर पाच मिनिटांत खाते. गेल्या आठवड्यात विचारलं, तर "इथेच होते" म्हणाली होती. इथेच म्हणजे कुठे? बुधवारी शंकासूर दिवसभर डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्यावर नजर ठेवून होती. खारूताई खाली मान घालून वही लिहीत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आणि बुधवारी शेंगदाणेही बाहेर आले नाहीत, हाही शंकासूरनं पुरावाच धरला.

बुधवारी संध्याकाळी घरी आल्याबरोबर ती मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसली आणि सरांना चिठ्ठी लिहू लागली. आई औषधांच्या दुकानातून यायची होती. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे. कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना धीर देत असतील. घरात होती ती फक्त आत्याआजी, म्हणजे वडिलांची आत्या. मागची खोली तिचीच.

आत्याआजीला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली होती. लग्न केलं नव्हतं. दाराला कडी घातली की ती एकदा ओढून बघे, मग वळून चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघे. शंकासूर कुणावर गेली, हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नसे.

"कसली नोटीस लिहितेस?" आत्याआजीनं पलंगावरूनच विचारलं.

"नोटीस नाही, चिठ्ठी. सरांना."

"पेन इतकं दाबून लिहितेयस, की खालच्या कागदावरही एक नोटीस तयार झाली असेल. वाच बघू."

शंकासूरनं वाचली. त्यात खेळाचा तास होता, दुखणारा आणि न दुखणारा पाय होता, मधली सुट्टी होती, न खाल्लेले शेंगदाणे होते. शेवटी लिहिलं होतं : "वरील पुराव्यांवरून माझ्या बाकावरील मुलीने माझा निबंध पाहून लिहिला हे सिद्ध होते."

"हं," आत्याआजी म्हणाली. "आणि तिचा निबंध काय म्हणतो?"

"वाचला नाही अजून."

"म्हणजे कार्ड न बघताच खाच पाडलीस होय गं?"

"कसली खाच?"

आत्याआजी उठून बसली. तिनं जनगणनेच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढली होती, यंत्रखोलीत. हे शंकासूरनं जेवताना तुटक तुटक कितीदा तरी ऐकलं होतं, पण निबंधात त्यातलं एक अक्षरही घातलं नव्हतं. रोज घरात दिसणाऱ्या माणसाचा कुठे इतिहास असतो?

"आम्हाला तेव्हा पडदा नव्हता, उंदीर नव्हता, काही नव्हतं," आत्याआजी म्हणाली. "जाड कागदाची कार्डं. लोकांनी भरून दिलेले कागद समोर ठेवायचे आणि कळा दाबून कार्डात भोकं पाडायची. घरात माणसं किती, वयं किती, सगळं भोकांत. ती भोकं वाचायचा तो संगणक. पण भोकं पाडणारी बाई दिवसभर बसून कंटाळायची, चुकायची. म्हणून तिच्यामागे दुसरी बाई असायची. ती मी. पडताळणीवाली."

"म्हणजे तू तपासायचीस?"

"तपासायचे नाही. पहिलीनं काय केलं ते मी बघायचंच नाही. तोच मूळ कागद घ्यायचा, तेच कार्ड माझ्या यंत्रात घालायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून कळा दाबत जायचं. माझं यंत्र भोक पाडायचं नाही, नुसतं चाचपायचं. जुळलं तर पुढे. नाही जुळलं, की लाल दिवा लागायचा आणि कळा अडकायच्या. पुन्हा करून बघायचं. कोण जाणे, मीच चुकले असेन. तरी नाही जुळलं, तर त्या रकान्याच्या डोक्यावर एक खाच. आणि सगळं कार्ड जुळलं, तर उजव्या कडेला एक खाच. तो शिक्का समज."

"मग चूक दुरुस्त कोण करायचं?"

"जिची असेल ती. मी सांगायचंसुद्धा नाही, की बाई, तुझं इथे हे चुकलं. खाच दाखवायची आणि गप्प बसायचं. सांगितलं की माणूस मान डोलावतो. स्वतः शोधलं की लक्षात ठेवतो. अगं, एकदा एका कार्डावर आठ वर्षांची बाई आणि तिला सहा नातवंडं! अडुसष्टमधला सहा राहिला होता. माझा लाल दिवा नसता, तर ती आठ वर्षांची आजी सरकारदरबारी कायमची झाली असती."

शंकासूरला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. चिठ्ठी अजून हातात होती.

आत्याआजीनं कपाटातून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढला, त्याची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि कात्री हातात घेतली. "तुझा निबंध कुठे आहे?"

"तिच्याकडे. पण कच्चा खर्डा आहे माझ्याजवळ."

"तो वाच. मोठ्यानं. तिचा इकडे दे."

शंकासूर वाचू लागली. आत्याआजी खारूताईच्या ओळींवरून बोट फिरवत होती. पहिल्याच वाक्याला कात्री वाजली. कच! दुसऱ्याला पुन्हा कच! शंकासूरनं लिहिलं होतं, की संगणक माणसापेक्षा विश्वासू, कारण त्याला खोटं बोलण्यात फायदा नसतो. कच! तिनं लिहिलं होतं, की इंटरनेटवर लिहिणाऱ्यांची परीक्षा घ्यायला हवी. कच, कच! पुठ्ठ्याची कड करवतीसारखी होत चालली. मग पतंग आला. आत्याआजीचं बोट थांबलं.

"पतंग इथेही आहे," ती म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

"बघ! म्हणजे उतरवलाच."

"थांब. तिचं पुढे ऐक. 'कुणाचा तरी कटून आला असेल. त्यांनी तो चिमट्यानं काढला आणि कामाच्या वहीत चिकटवून ठेवला. यंत्र पुन्हा सुरू झालं. पण ज्या मुलाचा तो पतंग होता, त्याला तो परत मिळाला का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. इतिहासात यंत्र आहे, तारीख आहे, ते मूल नाही. इंटरनेटवर शोधलं तर सापडेल का ते? मला वाटतं नाही, कारण ते कुणी आत घातलंच नाही.'"

शंकासूरच्या खर्ड्यात ते मूल नव्हतं. तिच्या डोक्यातही ते आलं नव्हतं.

"तुझ्यात चिमटा कुठे आहे?" आत्याआजीनं विचारलं.

"नाहीये."

"वही आहे?"

"नाही."

"मग मला एक सांग. उतरवणारीकडे मुळापेक्षा जास्त माल कसा आला? कच्चा चोरसुद्धा नेतो, आणून ठेवत नाही."

शंकासूरला चिमटा आठवला. तो होता. शाळेच्या ग्रंथालयातल्या मुलांच्या विश्वकोशात, चौथ्या खंडात, जिथून तिनं पतंगाची हकीकत घेतली, तिथे तो होता. पतंग चिमट्यानं कसा काढणार, आणि एवढा मोठा पतंग वहीत कसा चिकटवणार, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. पण वाक्यात अडथळा होत होता, म्हणून तिनं दोन्ही गाळून टाकलं होतं. सगळ्या जगावर शंका घेणाऱ्या तिनं, जिथे घ्यायची तिथेच घेतली नव्हती.

"दोन कार्डांवर एकच चूक दिसली," आत्याआजी कात्री ठेवत म्हणाली, "की आमची मुख्य बाई दोन गोष्टी विचारायची. एकीनं दुसरीचं बघितलं का? आणि नसेल, तर दोघींसमोरचा कागद कोणता होता? तू पहिलाच प्रश्न विचारलास. आता सगळं जग भोकं पाडतंय, बाळ, आणि पडताळणीला कुणी बसत नाही. निदान तू तरी नीट बस."

"पण तो पतंग नव्हता असं सर म्हणाले. मग काय होतं? तुला माहितीये ना? हसलीस तू मघाशी."

"मी खाच दाखवली," आत्याआजी म्हणाली, आणि करवतीसारखी पट्टी तिच्या हातात देऊन चहा ठेवायला गेली.

गुरुवारी मधली सुट्टी झाली. शंकासूरनं डबा तसाच ठेवला आणि ग्रंथालय गाठलं. लांबोडकी खोली, लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि दाराशी टेबलामागे ग्रंथपालबाई चष्मा कपाळावर ढकलून पुस्तकांना लेबलं चिकटवत होत्या.

चौथा खंड जागेवर होता. तिनं मागच्या पाकिटातलं कार्ड काढून बघितलं. वर्षभरात त्यावर एकच नाव होतं, तिचं स्वतःचं. म्हणजे खारूताईनं हा खंड नेलाच नव्हता! रात्री ढिला पडलेला संशय पुन्हा ताठ झाला. मग चिमटा आला कुठून?

तिनं पान काढलं. डाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं : "तंत्रज्ञांनी यंत्र उघडले. आत एक पतंग अडकलेला आढळला. त्यांनी तो चिमट्याने काढून कामाच्या नोंदवहीत चिकटवला." तिच्या टिपणात एवढंच होतं. पान तिथेच संपत होतं, आणि त्या दिवशी तिनं ते उलटलं नव्हतं.

आता उलटलं. "दिव्याभोवती घिरट्या घालणारा हा कीटक यंत्राच्या पट्टीत चिरडला गेला होता. यंत्रातील बिघाडाला किडा म्हणण्याची पद्धत त्याआधीपासून होती. या वेळी मात्र खराखुरा किडा हाती लागला."

शंकासूरनं दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. पतंग! दिव्यावर झेप घेणारा, पंखांचा, बोटाच्या पेराएवढा पतंग! शब्द एकच आणि त्याला अर्थ दोन. उडवायचा पतंग सगळ्यांच्या आधी डोक्यात शिरला आणि त्यानं दुसऱ्याला आत येऊच दिलं नाही. तिच्याही डोक्यात आणि खारूताईच्याही. चूक दोघींनी केली होती, पण वेगवेगळी बसून. समोरचा कागद तेवढा एक होता.

पण खरंच होता का एक? तिनं पुस्तक जवळ ओढलं. दोन पानांच्या खाचेत, शिवणीपाशी, काहीतरी लालसर चिकटलं होतं. तिनं नखानं अलगद उचललं. शेंगदाण्याचं साल.

ते साल घेऊन ती ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेली आणि तळहात उघडून दाखवला. बाईंनी साल बघितलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तिला शंभरदा सांगितलं, पुस्तकावर खाऊ नकोस म्हणून."

"ती इथे येते?"

"रोज. कोशांच्या कपाटामागे खाली बसते. दोन दिवस आली नाही तेवढीच. हे बघ, तू कुठे बोलू नकोस. कार्ड बंद असलेल्यांना आत घ्यायचं नाही असा मुख्याध्यापकांचा नियम आहे. पण वाचणाऱ्या पोरीला दारातून कशी हाकलू?"

"कार्ड बंद? का?"

"पुस्तक परत आलं नाही तिच्या कार्डावरचं. गेल्या वर्षीचं. विजेची खेळणी घरी कशी करायची, त्याचं. पिवळं पुस्तक. हरवलं म्हणते, आणि पुढे काही बोलतच नाही."

शंकासूरच्या पायाखालची फरशी सरकली. पिवळं पुस्तक! मुखपृष्ठावर घंटी आणि बॅटरी. तिचं स्वतःचं कार्ड भरलं होतं, म्हणून तिनं ते खारूताईच्या कार्डावर घेतलं होतं. एका आठवड्यासाठी म्हणून. मग घंटी काही वाजली नव्हती, तिला राग आला होता आणि तारा, खिळे, बॅटऱ्या सगळं तिनं वडिलांच्या हत्यारांच्या जुन्या पेटीत कोंबलं होतं.

त्या संध्याकाळी पेटीच्या तळाशी पुस्तक सापडलं. त्यावर तेलाचा एक डाग पडला होता, बाकी ठीक होतं. आत्याआजी दारात उभी राहून बघत होती. शंकासूरनं सरांची चिठ्ठी चार तुकडे करून फेकली आणि दुसरी लिहायला बसली. या खेपेला पेन दाबलं जात नव्हतं.

शुक्रवारी संगणकाच्या खोलीत सर एकटेच होते, टेबलाखाली वाकून कुठलीशी वायर खोचत. शंकासूरनं चिठ्ठी खिशातच राहू दिली आणि चौथा खंड त्यांच्यासमोर उघडून ठेवला.

"सर, हा मूळ कागद."

सरांनी उभं राहून वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं आणि कपाळावर हात मारला. "पतंग! अरे देवा. मी हा किस्सा पंधरा वर्षं 'किडा, किडा' असंच सांगत आलोय. म्हणून पुस्तकात पतंग असेल हे मला..." ते खुर्चीत बसले आणि जोरात हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "ठीक आहे, तू इथून घेतलंस. पण तिनंही इथूनच घेतलं कशावरून? पुरावा काय?"

स्वतःचा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो, हे शंकासूरला त्या दिवशी कळलं. तिनं घडीच्या कागदातून साल काढून टेबलावर ठेवलं. मग दोन्ही निबंध वाचून पाडलेली करवती पट्टी ठेवली, एकेक खाच म्हणजे न जुळलेलं एकेक वाक्य हे समजावलं आणि चिमट्याचं सांगितलं. "तिच्यात आहे, माझ्यात नाही, सर. मीच गाळला होता. आणि ती हे पुस्तक कुठे बसून वाचते, ते विचारू नका. ते सांगणं माझ्या हातात नाही."

सर सालाकडे बराच वेळ बघत होते. "नाही विचारत," ते म्हणाले. "मग खाच कुणाच्या नावावर पाडायची?"

"माझ्या. मी पान उलटलं नाही."

"पान तिनंही उलटलं नाही."

"तिची घंटा झाली असेल, सर. मला वेळ होता." जराशानं ती म्हणाली, "आणि एक तुमच्या नावावर."

सरांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी खरोखरच कात्री काढून पट्टीला आणखी एक खाच पाडली.

त्यानंतर तिनं पिवळं पुस्तक ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवलं. "हे माझ्याकडे होतं, तिच्याकडे नाही," एवढंच म्हणाली. बाईंनी तेलाचा डाग बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि खणातून खारूताईचं कार्ड काढून त्यावरची लाल रेघ खोडली.

वर्गात आली तेव्हा तास सुरू व्हायचा होता. बाकावर दप्तराची भिंत होतीच. शंकासूरनं कार्ड त्या भिंतीवर ठेवलं.

खारूताईनं ते उचललं, उलटसुलट करून बघितलं. "सापडलं वाटतं पुस्तक."

"माझ्या पेटीत होतं."

"मला माहीत होतं, तुझ्याकडेच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. गेल्या वर्षी, जिन्याशी. तू म्हणालीस, पुरावा काय?"

शंकासूरला ते मुळीच आठवेना. ती आठवू बघत होती, आणि जितकं आठवू बघावं, तितकं आपण ते म्हणालोच असणार याची तिला खात्री पटत होती. कान पुन्हा तापले.

"तुझं ते मूल," ती शेवटी म्हणाली, "ज्याचा पतंग होता ते. ते छान होतं."

"पतंग नव्हताच ना पण. किडा होता म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"मघाशी गेले होते ग्रंथालयात. पुस्तक जागेवर नव्हतं. तू ते नेताना बाईंना वाचून दाखवलंस म्हणे. मला म्हणाल्या, पान उलटायचं असतं गं."

सर वर्गात शिरले. सगळे उठले, बसले. खारूताईनं दप्तर उचललं नाही, पण थोडंसं आपल्याकडे ओढून घेतलं. सरांची पाठ फळ्याकडे वळली, तसा तिचा हात खिशात गेला, आणि दप्तराच्या पलीकडून एक शेंगदाणा घरंगळत शंकासूरपुढे आला.

"बघून घे आधी," खारूताई वहीत डोकं खुपसूनच म्हणाली. "दाणाच आहे ना तो?"

शंकासूरनं तो न बघताच तोंडात टाकला. खवट निघाला. तरी तिनं तो चावून गिळला.